७३ विरुद्ध ७३ : १८०० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा पेच

११ फेब्रुवारी १८०१, बुधवार. वॉशिंग्टनला राजधानी येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. कॅपिटॉल या संसद भवनाची फक्त उत्तरेकडची बाजू उभी होती आणि बाहेर बर्फ पडत होते. आत सिनेट आणि प्रतिनिधीगृह एकत्र बसले होते. सोळा राज्यांतून आलेली मतांची पाकिटे एकेक करून उघडायची होती, आणि घटनेने ते काम सिनेटच्या अध्यक्षाला म्हणजे देशाच्या उपाध्यक्षाला दिलेले होते. उपाध्यक्ष होते थॉमस जेफरसन, आणि त्या निवडणुकीतले एक उमेदवारही तेच.

जॉर्जिया राज्याच्या पाकिटात चार निर्वाचकांची मते निघाली (निर्वाचक म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्याने नेमलेली माणसे; प्रत्येकाने दोन नावे लिहायची), पण कागद नियमाप्रमाणे नव्हता. निर्वाचकांनी कोणाला किती मते दिली याचे रीतसर प्रमाणपत्र हवे, ते त्यात नव्हते. नुसती नावे लिहिलेली होती. जेफरसननी ती चार मते स्वतःच्या आणि ॲरन बर्र यांच्या खात्यात धरली आणि मोजणी पुढे चालू ठेवली. कोणीही हरकत घेतली नाही. जॉर्जियाने मते कोणाला दिली याबद्दल शंका कोणालाच नव्हती, हे खरे. पण ती चार मते बाद झाली असती तर जेफरसन आणि बर्र प्रत्येकी ६९ वर आले असते. एकूण निर्वाचक १३८, म्हणजे बहुमताला ७० हवेत. मग घटनेप्रमाणे प्रतिनिधीगृहापुढे दोघांऐवजी पाच नावे आली असती आणि हरलेले अध्यक्ष जॉन ॲडम्स पुन्हा मैदानात उतरले असते.

चार मते धरून आकडा झाला तो असा : जेफरसन ७३, बर्र ७३, ॲडम्स ६५, चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी ६४, जॉन जे १. जेफरसन आणि बर्र एकाच पक्षाचे. एक अध्यक्षपदासाठी, दुसरा उपाध्यक्षपदासाठी, हे साऱ्या देशाला ठाऊक. कायद्याला मात्र ते ठाऊक नव्हते.

या प्रकरणाची गोष्ट सहसा बर्रच्या महत्त्वाकांक्षेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. खलनायक तयार असला की सांगणाऱ्याचे काम सोपे होते. कागदपत्रे नीट पाहिली तर वेगळेच दिसते. निर्वाचकांपैकी कोणी दगा दिला म्हणून पेच पडला असे घडले नाही. त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर जणांनी पक्षाची आज्ञा तंतोतंत पाळली आणि त्यातूनच बरोबरी झाली. पक्षच नसतील असे गृहीत धरून लिहिलेल्या नियमाला पहिल्यांदाच पक्की पक्षशिस्त भेटली होती.

दोन मते, एकच यादी

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना अध्यक्ष कोणी निवडायचा या प्रश्नाने सगळ्यांना दमवले. काँग्रेसने (म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून होणाऱ्या संसदेने) निवडावा, तर तो काँग्रेसचा मिंधा होणार. थेट जनतेने निवडावा, तर व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन म्हणाले की हे आंधळ्याला रंग पारखायला सांगण्यासारखे होईल. त्यांचा मुद्दा लोक मूर्ख आहेत असा नव्हता. एवढ्या पसरलेल्या देशात दूरच्या उमेदवाराची पारख सामान्य माणसाला कुठून असणार, असा होता. शिवाय दक्षिणेतल्या राज्यांची आणखी एक अडचण होती. त्यांच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा गुलामांचा, आणि गुलामांना मत नाही. थेट मतदानात त्यांचे वजन घटले असते. अखेर सप्टेंबरात एका समितीने निर्वाचक मंडळाची योजना पुढे ठेवली. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधी आणि सिनेटरांच्या बेरजेइतके निर्वाचक मिळणार, आणि ते कसे नेमायचे हे त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवायचे.

आपल्याकडच्या राष्ट्रपती निवडणुकीतही निर्वाचक मंडळ असते, पण तिथे आमदार-खासदारच मतदार असतात. अमेरिकेत त्या एका कामापुरती वेगळी माणसे नेमली जातात. काँग्रेसच्या सदस्यांना निर्वाचक व्हायला घटनेनेच मनाई आहे.

या निर्वाचकांनी आपापल्या राज्यात एकाच दिवशी जमायचे आणि प्रत्येकाने दोन नावे लिहायची. त्यांतला एक तरी परराज्यातला हवा. हेतू असा की प्रत्येक राज्य आपल्याच माणसाला उचलून धरणार हे गृहीतच आहे, तेव्हा दुसरे मत तरी देशभर नाव असलेल्या माणसाला जावे. कोणते मत अध्यक्षपदासाठी आणि कोणते उपाध्यक्षपदासाठी, हे लिहायची सोयच नव्हती. सर्वाधिक मते आणि निर्वाचकांचे बहुमत मिळाले तो अध्यक्ष, दुसरा आला तो उपाध्यक्ष. बहुमत मिळवणारे दोघे बरोबरीत आले तर प्रतिनिधीगृहाने त्यांतून एक निवडायचा. बहुमत कोणालाच नसेल तर पहिल्या पाचांतून निवडायचा. दोन्ही वेळा मतदान राज्यवार : राज्य व्हर्जिनियाएवढे मोठे असो की डेलावेअरएवढे छोटे, मत एकच. मेसनना तर वाटत होते की वीसातल्या एकोणीस वेळा निर्वाचकांत बहुमत होणारच नाही आणि निवड काँग्रेसच्याच हाती जाईल. म्हणजे निर्वाचकांनी नावे सुचवायची आणि काँग्रेसने त्यांतून एक उचलायचे, अशीच ही व्यवस्था चालेल असा अंदाज होता.

योजनेत दोष आहे हे पहिल्याच निवडणुकीत दिसले होते. १७८९ मध्ये ६९ च्या ६९ निर्वाचकांनी जॉर्ज वॉशिंग्टनना मत दिले. सगळ्यांनी दुसरे मत जॉन ॲडम्सना दिले असते तर उपाध्यक्ष व्हायला निघालेला माणूस वॉशिंग्टनच्या बरोबरीला आला असता. पुढे फेडरलिस्ट पक्षाचे नेते झालेल्या अलेक्झांडर हॅमिल्टननी वेळीच पत्रे धाडून काही निर्वाचकांना ॲडम्सचे नाव गाळायला लावले. ॲडम्सना ३४ मते पडली आणि तो अपमान ते विसरले नाहीत. १७९६ मध्ये खोड दुसऱ्या बाजूने उघडी पडली. फेडरलिस्ट पक्षाचे ॲडम्स अध्यक्षपदाचे आणि थॉमस पिंकनी उपाध्यक्षपदाचे उमेदवार. पिंकनी ॲडम्सच्या पुढे जातील या धास्तीने न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या, १८ निर्वाचकांनी पिंकनींचे नाव गाळले. त्यामुळे ॲडम्स ७१, पिंकनी ५९, आणि मध्ये ६८ मते घेऊन विरोधी पक्षाचे जेफरसन उपाध्यक्ष झाले. अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष त्याच्या कट्टर विरोधकांचा, अशी चार वर्षे गेली.

त्याच वर्षी विरोधकांच्या गोटातही एक जखम झाली, आणि पुढच्या पेचाचे मूळ मला तिथे दिसते. रिपब्लिकनांचे (आजच्या त्या नावाच्या पक्षाशी यांचा संबंध नाही) दुसरे उमेदवार होते न्यूयॉर्कचे ॲरन बर्र. व्हर्जिनियाच्या २१ निर्वाचकांपैकी बर्रना मत दिले फक्त एकाने. देशभरात त्यांना मिळाली ३०. उत्तरेतून मते हवी असली की बर्र हवे आणि द्यायची वेळ आली की दक्षिणेने हात आखडता घ्यायचा, असा याचा अर्थ बर्रनी लावला. तो चुकीचा होता असे म्हणवत नाही.

१८०० : आधी नियमांचीच लढाई

१८०० मध्ये सोळांपैकी जेमतेम पाच राज्यांत सामान्य मतदार निर्वाचक निवडत होते. बहुतेक ठिकाणी ते काम विधिमंडळाकडे होते. पद्धत विधिमंडळानेच ठरवायची असल्यामुळे ज्याच्या हाती विधिमंडळ, त्याच्या हाती नियम. व्हर्जिनियात तोवर जिल्हावार मतदान होई आणि १७९६ मध्ये त्यातून एक मत ॲडम्सना गेले होते. आता तिथल्या रिपब्लिकनांनी राज्यभर एकच यादी लावली, म्हणजे २१ च्या २१ मते आपली. मॅसॅच्युसेट्समधल्या फेडरलिस्टांनी निवड मतदारांकडून काढून विधिमंडळाकडे घेतली. जेफरसननी जानेवारी १८०० मध्ये जेम्स मन्रोंना लिहिलेल्या पत्रात याचे कारण उघड सांगितले आहे : सगळीकडे जिल्हावार मतदान असेल तर तीच पद्धत उत्तम, पण दहा राज्ये एकगठ्ठा मते टाकत असताना उरलेल्या सहांनी तसे न करणे हा मूर्खपणा आहे. ‘विजेत्याला सगळी मते’ ही आज अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे चालणारी रीत घटनेत लिहिलेली नाही. ती अशाच हिशेबातून रुजली.

न्यूयॉर्कच्या १२ मतांवर सगळे अडले होते. तिथले विधिमंडळ एप्रिल-मे १८०० मध्ये निवडले जाणार होते आणि राज्याचा कल न्यूयॉर्क शहराच्या जागा ठरवणार होत्या. शहरातला रिपब्लिकनांचा प्रचार बर्रच्या हाती होता. त्यांनी माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, क्रांतियुद्धातले सेनापती होरेशिओ गेट्स अशी वजनदार नावे साध्या विधिमंडळाच्या उमेदवारीसाठी राजी केली, घरोघर माणसे फिरवली, मतदारांच्या याद्या केल्या. हॅमिल्टन त्यांच्या समोर स्वतः रस्त्यावर उतरले आणि हरले. न्यूयॉर्कची १२ मते रिपब्लिकनांची झाली. त्या विजयाच्या बळावर उपाध्यक्षपदाची उमेदवारी बर्रकडे आली.

हरल्यावर हॅमिल्टननी ७ मे रोजी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिले. नवे विधिमंडळ येण्याआधी मावळत्या विधिमंडळाचे अधिवेशन बोलवा आणि निर्वाचकांची निवड जिल्हावार करून टाका, म्हणजे काही मते तरी वाचतील, असा सल्ला त्यात होता. आणि वर, अशा काळात फार सोवळेपणा करून चालत नाही, असेही होते. जॉन जे स्वतः फेडरलिस्ट. त्यांनी उत्तर दिलेले दिसत नाही. पत्राच्या मागे नोंद मात्र केली : पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलेला उपाय, तो स्वीकारणे मला शोभणार नाही असे वाटते. या सबंध प्रकरणात हाताशी असलेला नियम वाकवायला ज्यांनी ठाम नकार दिला अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत जॉन जे पहिले.

पेनसिल्व्हेनियात दोन सभागृहे दोन पक्षांकडे होती. तिथे आठ-सात अशी वाटणी झाली. शेवटचे राहिले दक्षिण कॅरोलायना. तिथल्या विधिमंडळाने डिसेंबरच्या सुरुवातीला आठही मते जेफरसन-बर्र जोडीला दिली आणि ॲडम्स हरले हे नक्की झाले.

एक मत कोणी गाळायचे?

बरोबरी टाळायला एकाच निर्वाचकाने बर्रचे नाव गाळून तिसऱ्या कोणाचे तरी लिहायचे होते. हरलेल्या फेडरलिस्टांना हे नीट जमले, हे विशेष : ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकाने पिंकनींऐवजी जॉन जे लिहिले, म्हणून त्यांचा आकडा ६५-६४ असा सुबक आला.

रिपब्लिकनांना का जमले नाही? १७९६ मुळे. या वेळी दक्षिणेने शब्द पाळला नाही तर आपण संबंध ठेवणार नाही, हे बर्रच्या माणसांनी स्पष्ट केले होते. न्यूयॉर्कमधले त्यांचे मित्र डेव्हिड गेल्स्टन यांनी जेफरसनचे व्हर्जिनियातले निकटचे सहकारी जेम्स मॅडिसन यांना पत्रे लिहून व्हर्जिनियाच्या इमानाची खात्री मागितली, आणि जेफरसनची एक-दोन मते पुढे राहतील अशी व्यवस्था दुसऱ्या राज्यांत होईल, असा दिलासाही दिला. मॅडिसननी व्हर्जिनियाच्या निर्वाचकांना दोन्ही नावे लिहायला लावली. प्रत्येक राज्याला वाटले की गाळायचे काम दुसरे कोणीतरी करील. निर्वाचक सगळीकडे एकाच दिवशी, ३ डिसेंबरला, आपापल्या राजधानीत मत देत होते. एका राज्याने काय केले ते दुसऱ्याला कळायला आठवडे लागत. विचारून ठरवायची सोयच नव्हती. निर्वाचकांनी एकमेकांशी संगनमत करू नये म्हणून घटनाकारांनी त्यांना मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच दिवशी बसवले होते. ती खबरदारी इथे नेमकी आड आली.

प्रतिनिधीगृहाचे गणित

निवड ज्या प्रतिनिधीगृहाकडे गेली ते नुकतेच निवडून आलेले नव्हते. नव्या गृहात रिपब्लिकनांचे बहुमत असणार होते, पण ते बसायला अवकाश होता. मतदान करणार होते मावळते गृह, आणि त्यात डोकी मोजली तर फेडरलिस्टांचे पारडे जड. मात्र डोकी मोजायचीच नव्हती. सोळांपैकी नऊ राज्ये हवी होती. जेफरसनकडे आठ होती : न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलायना, जॉर्जिया, केंटकी, टेनेसी. सहा राज्यांतल्या फेडरलिस्टांनी बर्रना मत द्यायचे ठरवले. व्हरमाँट आणि मेरीलँडमध्ये प्रतिनिधी समसमान विभागलेले, म्हणजे त्यांचे मत कोरे. आठाला नववे मिळेना, आणि सहाला तीन मिळेनात.

फेडरलिस्ट आपल्या शत्रुपक्षाच्या बर्रना का उचलत होते? काहींना जेफरसनपेक्षा कोणीही चालला असता. काहींचा हिशेब असा की बर्रना तत्त्वांचे ओझे नाही, आपल्या मतांवर निवडून आले तर आपले ऐकतील. आणखी काहींच्या डोक्यात होते की ४ मार्चपर्यंत, म्हणजे नव्या अध्यक्षाने शपथ घ्यायच्या दिवसापर्यंत, निवडच होऊ द्यायची नाही आणि कायदा करून सिनेटच्या हंगामी अध्यक्षाकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे कारभार सोपवायचा. या शेवटच्या विचाराची बातमी बाहेर आल्यावर पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर थॉमस मॅककीन आणि व्हर्जिनियाचे मन्रो यांनी आपापल्या राज्यातल्या लष्करी तुकड्यांची चाचपणी सुरू केली. १५ फेब्रुवारीला जेफरसननी मन्रोंना लिहिले की असा कायदा झाला तर मधली राज्ये हत्यार उचलतील आणि घटना नव्याने लिहायला परिषद बोलावली जाईल, हे आम्ही विरोधकांना स्पष्ट सांगितले आहे. त्या परिषदेच्या नुसत्या नावाने ते हादरतात.

फेडरलिस्टांचे बुद्धिमान नेते हॅमिल्टन मात्र उलट बाजूने लिहीत होते. डिसेंबर आणि जानेवारीत त्यांनी पत्रांमागून पत्रे पाठवली. गव्हर्नर मॉरिस (हे त्यांचे नाव, पद नव्हे) यांना त्यांनी कळवले की जगात मी कोणाचा द्वेष करायला हवा असेल तर तो जेफरसनचा. बर्रशी माझे वैयक्तिक संबंध नेहमीच बरे राहिले आहेत. पण सार्वजनिक हित खाजगी भावनेच्या वर असायला हवे. जेफरसनची मते चुकीची आहेत, पण त्यांना मते आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. मे महिन्यात सोवळेपणा नको म्हणणारा हाच माणूस. पक्षाने त्यांचे ऐकले नाही. ऑक्टोबरात आपल्याच पक्षाच्या अध्यक्षांवर, ॲडम्सवर, त्यांनी जहरी पुस्तिका लिहिली होती; तेव्हापासून त्यांचे वजन घसरले होते.

बर्र या सगळ्या काळात कुठे होते? न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला. २ फेब्रुवारीला तिथे त्यांच्या मुलीचे लग्न झाले आणि ते विधिमंडळाच्या कामात राहिले. डिसेंबरात त्यांनी मेरीलँडचे सॅम्युअल स्मिथ यांना लिहिले होते की बरोबरी झाली तरी मी जेफरसनशी स्पर्धा करणार नाही. पुढे मात्र, निवडून आलोच तर पद सोडीन, असे ते म्हणेनात. हालचाल करायची नाही आणि दारही लावून घ्यायचे नाही, असे त्यांचे वागणे दिसते. एक ओळ लिहून त्यांना प्रकरण मिटवता आले असते, हे खरेच. पण ज्या पक्षाने १७९६ मध्ये त्यांना तोंडघशी पाडले त्याच्यासाठी, कायदेशीर मार्गाने समोर आलेले अध्यक्षपद स्वतःहून नाकारण्याची सक्ती त्यांच्यावर कोणत्या नियमाने होती? रिपब्लिकनांनी पुढे त्यांना कायमचे दूर केले. मला तो न्याय अर्धाच वाटतो.

सात दिवस

प्रतिनिधीगृहाने स्वतःवर बंधन घालून घेतले होते : निवड होईपर्यंत दुसरे काम नाही आणि सभा तहकूब करायची नाही. ११ तारखेला दुपारी सुरू झालेले मतदान रात्रभर चालले. सदस्यांनी उशा-पांघरुणे आणून ठेवली होती. मधल्या वेळात डुलक्या काढायच्या आणि फेरी आली की उठून मत टाकायचे. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणले होते. ते गैरहजर राहिले तर मेरीलँड बर्रकडे गेले असते. म्हणून त्यांना बर्फातून खाटेवर उचलून कॅपिटॉलमध्ये आणले गेले. ते शेजारच्या खोलीत पडून राहत आणि पत्नीच्या मदतीने प्रत्येक फेरीत नाव लिहून देत. व्हरमाँटचे मॅथ्यू लायन याच सभागृहातल्या फेडरलिस्टांच्या राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात गेलेले, आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आलेले. आता त्यांचे एक मत त्यांच्या राज्याला अडवून धरत होते.

पुढच्या दिवसांत तहकुबीच्या नियमाला वळसा घालून नुसती ‘विश्रांती’ घेतली जाऊ लागली. फेऱ्या होत राहिल्या. आठ, सहा, दोन. आठ, सहा, दोन.

गाठ सोडवली जेम्स बेयर्ड यांनी. डेलावेअरचे ते एकमेव प्रतिनिधी, म्हणजे एका माणसाचे मत हे एका राज्याचे मत. ते फेडरलिस्ट होते आणि पस्तीस फेऱ्यांत बर्रनाच मत देत होते. आपले राज्य संघातले सर्वांत छोट्यांपैकी. घटना मोडली तर स्वतःचे रक्षण करायचीही त्याची ताकद नाही, असे त्यांनी नंतर ॲडम्सना लिहिले. पक्षाच्या बैठकीत त्यांनी बाजू सोडायचा इरादा सांगितला तेव्हा ‘पळपुटा’ म्हणून आरडाओरडा झाला. तेव्हा ऑल्बनीहून येणाऱ्या बर्रच्या पत्रांची वाट पाहायचे ठरले. पत्रे आली आणि त्यांत उपयोगाचे काही नव्हते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, छत्तिसावी फेरी. व्हरमाँटचे फेडरलिस्ट लुईस मॉरिस सभागृहात आलेच नाहीत. लायनचे एकट्याचे मत राज्याचे मत झाले. मेरीलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. तेही राज्य जेफरसनचे झाले. डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलायना कोरी. न्यू इंग्लंडमधली चार राज्ये शेवटपर्यंत बर्रजवळ राहिली. दहा, चार, दोन. जेफरसन अध्यक्ष झाले, आणि तरीही बर्रला धरून बसलेल्या फेडरलिस्टांपैकी एकालाही त्या दिवशी जेफरसनचे नाव लिहावे लागले नाही.

सौदा झाला होता का?

८ मार्चला बेयर्डनी हॅमिल्टनना लिहिलेल्या पत्रात एक विलक्षण वाक्य आहे. बर्रना निवडून आणण्याची साधने हाताशी होती, पण त्यांनी साथ द्यायला हवी होती : एका माणसाला (तो पक्का मठ्ठ) फसवले असते आणि दोघांना (ते काही अगदी न विकले जाणारे नव्हते) मोह घातला असता तर बहुमत मिळाले असते. घोडेबाजारासाठी बाजार तयार होता, फक्त गिऱ्हाईक आले नाही, एवढाच याचा अर्थ. बर्र खरोखर कारस्थानी असते तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

जेफरसनच्या बाजूने काय झाले ते जास्त धूसर आहे. बेयर्ड यांनी पुढे, १८०६ मध्ये, शपथेवर सांगितले की सार्वजनिक कर्जाची परतफेड, नौदल आणि किरकोळ पदांवरच्या फेडरलिस्टांच्या नोकऱ्या या तीन गोष्टींची हमी आपल्याला सॅम्युअल स्मिथ यांच्यामार्फत जेफरसनकडून मिळाली होती. स्मिथ यांचे म्हणणे असे की आपण जेफरसनना या विषयांवर त्यांचे मत विचारले आणि ते बेयर्डना सांगितले, पण हे कशासाठी विचारतो आहोत ते जेफरसनना सांगितले नाही. जेफरसननी १५ एप्रिल १८०६ च्या आपल्या नोंदीत सारे साफ खोटे ठरवले. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असणे अशक्य नाही. विल्मिंग्टन बंदराचे जकात अधिकारी ॲलन मॅक्लेन यांची जागा राखावी अशी बेयर्डची खास इच्छा होती. मॅक्लेन फेडरलिस्ट होते, आणि जेफरसन आल्यावरही आपल्या खुर्चीवर राहिले.

४ मार्चला पहाटे, नव्या अध्यक्षाची शपथ होण्याआधीच, ॲडम्स टपालगाडीने वॉशिंग्टन सोडून निघून गेले. जेफरसननी त्या दिवशीच्या भाषणात ‘आपण सगळे रिपब्लिकन आहोत, आपण सगळे फेडरलिस्ट आहोत’ असे म्हटले, ते वाक्य अजून उद्धृत होते. न्यू इंग्लंडमधले लोक मात्र त्यांना दुसऱ्याच नावाने हिणवत राहिले : ‘निग्रो अध्यक्ष’. राज्याचे प्रतिनिधी मोजताना दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरली जात, आणि निर्वाचकांची संख्या त्यावरच ठरे. जेफरसन ॲडम्सच्या पुढे होते आठ मतांनी. गुलामांच्या बळावर दक्षिणेला मिळालेली जादा मते इतिहासकारांच्या हिशेबाने बाराच्या आसपास किंवा थोडी अधिकच भरतात. उलट बाजूला हेही म्हणावे लागते की पेनसिल्व्हेनियात फेडरलिस्ट सिनेटने अडवणूक केली नसती तर तिथली सात मतेही जेफरसनला गेली असती. ‘जर’ एकदा सुरू केले की ते एकाच बाजूचे मोजता येत नाहीत. तरी पाचास तीनचा हिशेब अपघात नव्हता, ती घटनेतली कायमची तरतूद होती. आणि पेचानंतर जी दुरुस्ती झाली तिने त्याला हातही लावला नाही.

दुरुस्ती, आणि तिने काय सोडले

बारावी घटनादुरुस्ती काँग्रेसने डिसेंबर १८०३ मध्ये राज्यांकडे पाठवली आणि जून १८०४ मध्ये ती लागू झाली. दोन पदांसाठी दोन वेगळ्या मतपत्रिका, एवढाच तिचा गाभा. प्रतिनिधीगृहात तिला ८४ विरुद्ध ४२ मते पडली : बरोबर दोन-तृतीयांश, तीही सभापतींनी स्वतःचे मत घातले म्हणून. एवढी उघड खोड काढायला एवढी ओढाताण का? कारण खोड अल्पमतातल्या पक्षाच्या फायद्याची होती. बहुमतवाल्यांच्या दोघांपैकी कोणाला वर चढवायचे हे ठरवण्याची ताकद १८०१ मध्ये फेडरलिस्टांनी चाखली होती. डेलावेअर, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्सने दुरुस्ती नाकारली. उपाध्यक्षपद यापुढे मते जमवण्यासाठी देऊ करायचे खिरापतीचे पद होईल, असा इशाराही विरोधकांनी दिला, आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. १८०४ मध्ये जेफरसननी बर्रना वगळून जॉर्ज क्लिंटनना जोडीला घेतले आणि जोडी १६२ विरुद्ध १४ अशी निवडून आली. त्याआधी ११ जुलैला वीहॉकेनच्या द्वंद्वात बर्रच्या गोळीने हॅमिल्टन जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी वारले. ठिणगी त्या वर्षीच्या न्यूयॉर्कच्या गव्हर्नर निवडणुकीतली होती, १८०१ मधली नव्हे.

निर्वाचक कसे नेमायचे हा राज्यांचा अधिकार तसाच राहिला. सदोष प्रमाणपत्र आले तर निर्णय कोणाचा, हे लिहिले गेले नाही. १८७६ मध्ये चार राज्यांच्या मतांवरून भांडण झाले तेव्हा त्या मौनाची किंमत मोजावी लागली, आणि मतमोजणीचा कायदा व्हायला १८८७ उजाडले. प्रतिनिधीगृहातली ‘एक राज्य, एक मत’ ही रीतही राहिली. फक्त पाचांऐवजी पहिल्या तीन उमेदवारांतून निवड करायची, असा बदल झाला. हा बदल किरकोळ वाटत होता.

वीस वर्षांनी तो किरकोळ राहिला नाही. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्सना ८४, विल्यम क्रॉफर्डना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ निर्वाचक मते मिळाली. २६१ मध्ये बहुमत १३१ चे. जुना पाचांचा नियम असता तर क्ले उमेदवार म्हणून मैदानात राहिले असते. तीनच्या नियमाने ते बाहेर पडले. पण ज्या प्रतिनिधीगृहात निवड व्हायची त्याचे सभापती तेच होते. केंटकीच्या विधिमंडळाने जॅक्सनना मत द्या असे सांगितले असतानाही क्ले यांच्या राज्याचे प्रतिनिधी ॲडम्सच्या बाजूला गेले. ९ फेब्रुवारी १८२५ ला पहिल्याच फेरीत तेरा राज्ये ॲडम्सकडे, सात जॅक्सनकडे, चार क्रॉफर्डकडे. काही दिवसांतच ॲडम्सनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री केले. जॅक्सनचे समर्थक पुढची चार वर्षे ‘भ्रष्ट सौदा’ एवढे दोनच शब्द बोलत राहिले आणि १८२८ मध्ये त्यांनी ॲडम्सना हरवले.

प्रतिनिधीगृहाने अध्यक्ष निवडण्याची वेळ त्यानंतर आलेली नाही. कलम मात्र घटनेत आहे. आज पन्नास राज्ये आहेत, आणि तशी वेळ आली तर सव्वीस मते लागतील.